दुसऱ्याच्या लेकराचे दुखणे

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



माणूस वैद्य का होतो, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्याच्या बालपणातच सापडते. लहानपणी अंथरुणाला खिळलेले मूल ज्याच्या हातून बरे होते, त्याच्यासारखे आपणही व्हावे, ही इच्छा त्या मुलाच्या मनात घर करते. अमेरिकेत १८९५ साली डॅनिएल डेव्हिड पामर यांनी पाठीच्या कण्यावर हातांनी उपचार करण्याची कायरोप्रॅक्टिक ही पद्धती सुरू केली. या पद्धतीचे अनेक चिकित्सक आपल्या व्यवसायाचे मूळ स्वतःच्या बालपणीच्या दुखण्यात असल्याचे सांगतात.

आपल्या महाड-पोलादपूरच्या परिसरात घडलेली कथा मात्र थोडी निराळी आहे. येथे दुखणे वैद्याचे स्वतःचे नव्हते. ते खेडोपाडीच्या शेतकऱ्यांच्या, कातकऱ्यांच्या आणि मजुरांच्या लेकरांचे होते. एका तरुण डॉक्टराने ते आपले मानले आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. ते डॉक्टर म्हणजे हिंमतराव बावस्कर.

त्यांचा जन्म १९५१ साली, जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यातला. घरची परिस्थिती बेताची, शेती कोरडवाहू. मिळेल ते काम करून त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकाची पदवी मिळविली. १९७६ साली ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. मराठवाड्याच्या सपाट माळरानातून आलेल्या या तरुणाला सह्याद्रीच्या कुशीतील वाड्या, धो धो पाऊस आणि वाहून जाणाऱ्या पायवाटा हे सारेच नवे होते. आणि नवा होता तो येथील लाल विंचू.

विंचू आपणा कोकणवासीयांना अपरिचित नाही. दगडांच्या रचीव गडग्यात, लाकडांच्या ढिगात, भाताच्या पेंढ्यात, गोवऱ्यांच्या उतरंडीत आणि घराच्या कौलांत त्याचा वास असतो. सांजवेळी चुलीसाठी सरपण ओढणाऱ्या मुलीच्या बोटाला, अंगणात अनवाणी खेळणाऱ्या मुलाच्या पायाला तो दंश करी. मोठ्या माणसाला तो बहुधा रात्रभर तळमळायला लावून सोडी. कोवळ्या मुलांच्या बाबतीत मात्र तोच दंश अनेकदा प्राणघातक ठरत असे. आईबाप प्रथम विंचू उतरविणाऱ्याकडे धाव घेत. मंत्र, अंगारा, झाडपाला यांत मोलाचे तास निघून जात. मग डोंगर उतरून, मुलाला खांद्यावर किंवा डोलीत घालून, ते सरकारी दवाखान्याच्या दारात पोहोचत. तेथेही पुढे काय करावे, याचे खात्रीचे उत्तर त्या काळी कोणाकडे नव्हते. पश्चिम भारतात १९६१ ते १९८३ या काळात गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत असत. म्हणजे दर चार मुलांमागे एक मूल आईच्या डोळ्यांदेखत जात असे.

अशा ठिकाणी नेमणूक झालेल्या डॉक्टराला दोन मार्ग मोकळे असतात. बदलीसाठी अर्ज करावा, हा पहिला. दैवाला दोष देऊन नित्याचे काम रेटावे, हा दुसरा. डॉ. बावस्करांनी तिसरा मार्ग धरला. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि जे दिसेल ते लिहू लागले. आपण व्यापारी मंडळी रोजकीर्द लिहितो. दिवसाचा जमाखर्च त्याच दिवशी मांडला नाही तर वर्षअखेरीस ताळेबंद जुळत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. या डॉक्टरानेही जणू दुखण्याची रोजकीर्द लिहिली. दंश किती वाजता झाला, उलटी कधी झाली, घाम किती आला, रक्तदाब केव्हा चढला व केव्हा कोसळला, हातपाय थंड कधी पडले, या साऱ्या नोंदी त्यांनी ठेवल्या.

या नोंदींतून एक विलक्षण गोष्ट उघड झाली. वेदनेने जो रुग्ण आकांत करतो, त्याच्या जिवाला बहुधा धोका नसतो. ज्या मुलाला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात आणि ज्याचे हातपाय बर्फासारखे गार पडतात, ते मूल धोक्यात असते, मग ते रडत असो वा नसो. ही पूर्वसूचना देणारी लक्षणे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या लंडनच्या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आपल्या आडबाजूच्या तालुक्यातील लेकरांचे दुखणे अशा रीतीने जगाच्या वैद्यकविश्वापुढे गेले.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी एम. डी. ही पदव्युत्तर पदवी घेतली. त्यानंतर शहरात व्यवसाय थाटणे त्यांना अवघड नव्हते. तरीही ते पुन्हा याच डोंगरदऱ्यांत परतले. आंबेनळी आणि कशेडी या घाटांच्या पायथ्याशी असलेल्या पोलादपूरच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी काम सुरू केले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कार्यात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. पुढील संशोधन निबंधांवर दोघांचीही नावे आढळतात.

विंचवाचे विष शरीरात नेमके काय करते, हे समजून घेण्यासारखे आहे. ते मज्जातंतूंना अनावर चेतविते. त्यामुळे ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या द्रव्यांचा रक्तात पूर येतो. रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्तदाब भडकतो, हातापायांकडे रक्त पोहोचत नाही. आक्रसलेल्या वाहिन्यांविरुद्ध जोर लावता लावता लहानसे हृदय थकते. मग फुफ्फुसांत पाणी साचते, तोंडाला गुलाबी फेस येतो आणि मूल जणू आतल्या आतच बुडू लागते. त्या काळी दिली जाणारी गुंगीची व इतर औषधे या मूळ बिघाडाला हात घालत नव्हती. ॲट्रोपिनसारख्या औषधाने तर अपायच होत असे.

बिघाड रक्तवाहिन्यांच्या आक्रसण्यात असेल, तर त्या सैल करणारे औषध द्यावे, असा सरळ विचार डॉ. बावस्करांनी केला. प्रारंभी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेवाटे दिले. त्यासाठी रात्रभर रुग्णाजवळून हलता येत नसे. त्यानंतर त्यांची नजर प्राझोसिन या गोळीकडे वळली. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी असलेली ही साधी, स्वस्त गोळी विषाच्या परिणामावर नेमका उतारा ठरली. उपचाराचे यश ओळखण्याची खूणही किती साधी! मुलाच्या पायाला हात लावून पाहायचा. तळवे ऊबदार झाले की संकट टळू लागले असे समजायचे. १९८६ साली हे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्राझोसिनचा वापर रुळल्यावर मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले.

पुढे महाड येथे स्वतःचे रुग्णालय चालवीत असतानाही त्यांचा शोध थांबला नाही. विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यावर ७० रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेण्यात आली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हा तिचा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. आपल्याच उपचारात आणखी सुधारणा शक्य आहे, हे जगाला स्वतःहून सांगणे ही मनाच्या मोठेपणाचीच गोष्ट होय.

आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आणखी एक प्रसंग आहे. २०१३ साली एका रुग्णाला एमआरआय तपासणीसाठी पाठविल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून त्यांना १२०० रुपयांचा धनादेश आला. तो मुकाट्याने खात्यात जमा करण्याऐवजी त्यांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. ही रक्कम शेवटी रुग्णाच्याच खिशातून जाते, हे ते जाणून होते. रुग्णाच्या दुखण्यावर दलाली नको, ही त्यांची भूमिका होती. २०२२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

बंधु-भगिनींनो, या कथेतून आपण घरी काय न्यावे? पहिली गोष्ट व्यवहाराची. अंधारात बॅटरीशिवाय आणि पादत्राणांशिवाय वावरू नये. जोडे झटकून घालावेत. सरपणात थेट हात घालू नये. मुलाला विंचू चावल्यास मंत्रतंत्रात एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. औषध डॉक्टरांनीच ठरवावे. ही माहिती दुकानावर येणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि शेतावरच्या गड्याला आपण सांगितली, तरी एखादे मूल वाचेल.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. स्वतःच्या दुखण्याने माणूस जागा होतो, हे स्वाभाविकच आहे. दुसऱ्याच्या लेकराच्या दुखण्याने जो जागा होतो, त्याच्या हातून मात्र साऱ्या समाजाचे कल्याण होते. बिरवाडी आणि पोलादपूर येथे त्या डॉक्टराजवळ मोठी यंत्रसामग्री नव्हती. रक्तदाब मोजण्याचे साधन, घड्याळ, वही आणि थंड पडलेल्या पावलांवरून न काढलेला हात, एवढ्या भांडवलावर हे कार्य उभे राहिले. इतके भांडवल तर आपल्यापैकी प्रत्येकाजवळ आहे. आपल्या परिसरात कोणाचे पाऊल गार पडले आहे, हे पाहण्याची सवय तेवढी लावून घ्यावयास हवी.