मोडक्या सायकलीचे मधयंत्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला दोन शब्द बोलावयास सांगितले तेव्हा मी नाहीच म्हटले होते. मी काही शिकलेली इंजिनियर नव्हे. पण आपल्या मंडळाच्या खोलीत जे मधयंत्र उभे आहे ते कसे झाले, हे येणारी प्रत्येक पाहुणी विचारते. तेव्हा एकदाच सर्वांना सांगून टाकते.

आपल्यातल्या आम्ही सहा जणी सातेरी माशीच्या पेट्या ठेवतो. सातारा जिल्ह्याच्या या डोंगराळ भागात हे काम नवे नाही. महाबळेश्वरजवळचे मांघर तर 2022 साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. आमची अडचण होती ती यंत्राची. शेजारच्या गावाहून ते मागून आणावे, तर आमची पाळी येईपर्यंत पाऊस तोंडावर. मग आम्ही काय करीत होतो? पोळे कापायचे आणि फडक्यात घालून पिळायचे. मध गढूळ निघे, लवकर आंबे, आणि माशांचे घर मोडे ते निराळेच.

भगिनींनो, मेण ही फार महाग वस्तू आहे. 1 किलो मेण करावयास माशा साधारण 6 ते 8 किलो मध खातात, असे या विषयाच्या पुस्तकांत सांगितलेले असते. म्हणजे पोळे पिळले की आपण आपलाच पुढचा मध पिळून टाकतो!

पोळे न मोडता मध काढण्याची युक्ती हृश्का नावाच्या एका ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने 1865 साली लोकांपुढे ठेवली. युक्ती साधी आहे. पावसातून आल्यावर आपण दारात छत्री गरकन फिरवतो, तेव्हा पाण्याचे थेंब कडेने उडून जातात, छत्री मात्र जागेवर राहते. तसेच पोळ्याची चौकट पिंजऱ्यात ठेवून फिरवली की मध घरांतून बाहेर उडतो, आणि पोळे शाबूत राहते. यालाच केंद्रोत्सारी यंत्र म्हणतात.

हे सर्व मी वाचले, आणि माझी नजर गेली परसातल्या सायकलीवर. ती आमच्या ह्यांची सायकल. हे गेल्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. चाके गंजली होती, सीट उंदरांनी खाल्ली होती, तरी आत्याबाई तिच्यावर दर पावसाळ्यात पोते टाकीत. मी विषय काढताच त्या म्हणाल्या, “माझ्या लेकाची एवढी एक वस्तू राहिलीय, ती पण मोडतेस?” मी गप्प बसले. पंधरा दिवस पुन्हा बोलले नाही. एका सकाळी त्यांनीच पोते काढले आणि म्हणाल्या, “गंजून मातीत जायच्या परीस हातात राहू दे.”

तालुक्याला आमच्या धाकट्या भावजींचे सायकलचे दुकान आहे. त्यांनी मागच्या चाकाचा हब आणि फ्रीव्हील काढले, पायडलचे मोठे चक्र व एक दांडा काढला. जुन्या स्टेनलेस धान्यकोठीच्या तोंडावर लोखंडी पट्टी आडवी बसवून तिच्यावर हे सगळे आडवे लावले, आणि हबखाली चार चौकटींचा पिंजरा अडकवला. पायडलच झाले मूठ. मोठ्या चक्राला 44 दाते, फ्रीव्हीलला 18. म्हणून मूठ एकदा फिरली की पिंजरा जवळजवळ अडीच वेळा फिरतो. मिनिटाला 70 फेरे मारले तर पिंजऱ्याचे सुमारे 170 होतात, आणि मध्यापासून 20 सेंटीमीटरवरच्या मधाला त्याच्या वजनाच्या साडेसहा पट ओढ बसते. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट होते, हे ध्यानात ठेवावे. फ्रीव्हीलचा फायदा असा, की हात थांबला तरी पिंजरा आपल्या गतीने हळूहळू थांबतो, पोळ्याला धक्का बसत नाही.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. एका बाजूला भरलेली चौकट, समोर अर्धी रिकामी. चार फेऱ्यांत कोठी ओटीवर नाचू लागली, चेन उतरली, आणि एक कोवळे पोळे तुटून तळाशी पडले. त्या दिवसापासून चौकटी तोलून समोरासमोर सारख्या वजनाच्या लावतो. आधी हळू फिरवून एका बाजूचा अर्धा मध काढावा, मग चौकट उलटी करून दुसरी बाजू पुरी काढावी, आणि शेवटी पुन्हा पहिली.

दुसरी चूक आत्याबाईंनी पकडली. वर चेन, खाली मध! “वंगण गळालं तर ते कोण खाणार?” हे आम्हां शहाण्यांना सुचलेच नव्हते. मग घरातल्या स्टीलच्या परातीला मधोमध भोक पाडून ती चेनखाली बसवली. मध आंबट असतो, लोखंड व जस्त यांना तो धरतो. म्हणून सायकलीचा कोणताही भाग मधाला लागू दिलेला नाही, पिंजराही स्टेनलेस तारेचाच आहे. आणि रंगाचे वा औषधाचे जुने पिंप या कामाला कोणीही कधीही वापरू नये.

आता मंडळाचे नियम ऐका. चौकटीची चारांत तीन भाग घरे मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढायचा नाही. कच्चा मध आंबतो. पिल्ले असलेली चौकट यंत्रात घालायची नाही. रिकामी पोळी त्याच संध्याकाळी पेटीत परत गेली पाहिजेत. आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी माशांचा वाटा पेटीत ठेवलाच पाहिजे. त्या दिवसांत त्यांना बाहेर काही मिळत नाही. यंत्र आले म्हणून शेवटचा थेंब काढणे हा चोरीचाच प्रकार झाला.

पहिला चांगला मध निघाला तो जांभळीचा. परत दिलेल्या पोळ्यांत माशा दुसऱ्या दिवशी कामाला लागलेल्या मी पाहिल्या. आत्याबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मूठ हातात घेतली, दहा-वीस फेरे मारले आणि म्हणाल्या, “पायडल अजून तसंच कुरकुरतंय गं.” भावजी तेल घालावयास निघाले, तर त्यांनी घालू दिले नाही.

ते कुरकुरणे अजून आहे. पुढच्या चैत्रात मध काढावयास याल तेव्हा तुम्हीही ऐकाल. एवढे सांगून मी आपली रजा घेते.