चार्ज

रात्रपाळी संपवून थेट इथे आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. माझ्याहून लायक माणसं समोर बसली आहेत, असं म्हणायचा रिवाज आहे. तो पाळतो आणि पुढे जातो. निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘पर्यवेक्षकाची मूलभूत व्यवस्थापकीय कार्ये : एक आढावा’ असा छापला आहे. आढावा घ्यायचा माझा इरादा प्रामाणिक होता. चार रात्री बसून कागदही काढले होते.

सकाळच्या सत्रात कार्यं नेमकी किती यावरून चांगलीच जुंपली. एकांनी पाच सांगितली, दुसऱ्यांनी व्यवस्थापनशास्त्रातल्या गुलिकची सात आणली, आणि चहाच्या टेबलावरही कुणी माघार घेईना. पाचाची मूळ यादी ज्याने १९१६ साली दिली तो हेन्री फेयोल कॉलेजातला प्राध्यापक नव्हता. फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणीवर तो तरुणपणी इंजिनिअर म्हणून लागला. १८६१ साली खाणीत घोड्याचा पाय मोडला. दुसरा घोडा द्या म्हणून यानं चिठ्ठी पाठवली, तर तबेलेवाला म्हणाला, यावर डायरेक्टरसाहेबांची सही नाही. साहेब जागेवर नाहीत, म्हणून घोडा नाही. घोड्याच्या जागी बेअरिंग घाला, तबेल्याच्या जागी स्टोअर; तुमच्यापैकी निम्मे जण परवाच्या रात्रपाळीची गोष्ट म्हणून ती सांगतील.

फेयोलची पाच कार्यं होती नियोजन, संघटन, आज्ञा, समन्वय आणि नियंत्रण. आता डिप्लोमाचं कुठलंही पुस्तक उघडा. तिथे नियोजन, संघटन, कर्मचारी नेमणूक, निर्देशन आणि नियंत्रण भेटतील. मधून गळालं काय? समन्वय. पुस्तकवाले सांगतात, तो सगळ्याच कार्यांचा गाभा, म्हणून वेगळा मोजत नाही. म्हणजे गावाच्या विहिरीसारखं झालं. पाणी सगळ्यांचं, गाळ उपसायला कुणी नाही.

बाकीच्या चारांचं काय सांगू? नियोजन संगणकातून उतरतं आणि दुपारी दोनला बदलतं. माणसं कंत्राटदार पाठवतो, त्यांची नावं आम्हाला गेटवर कळतात. निर्देशन मोबाइलवरच्या ग्रुपवर चालतं. नियंत्रण म्हणजे सह्या. झाला आढावा.

आता ज्यासाठी मी हे अध्यक्षपद घेतलं ते बोलतो. मला त्या दहा मिनिटांबद्दल बोलायचं आहे.

मी आयटीआय करून भोसरीत कामाला लागलो, तेव्हा पहिल्या पाळीचा सुपरवायझर दुसऱ्या पाळीचा आल्याशिवाय जागा सोडत नसे. साडेतीनची पाळी असली तरी येणारा तीन-वीसला हजर. मग दोघं मिळून लाइनवरून चालत जायचे. आमचे फोरमन, सगळे त्यांना अण्णा म्हणत, प्रत्येक लेथच्या हेडस्टॉकवर तळवा टेकायचे. मलाही टेकायला लावायचे. कुठला गरम लागतोय, कुठला थरथरतोय. कुठल्या पोराचं लग्न ठरलंय, म्हणून आठवडाभर त्याला बारीक मापाचं काम द्यायचं नाही. कुठल्या फिक्स्चरचा क्लॅम्प कागदाची घडी घालून बसवलाय. कूलंटला वास येतोय. हे सगळं चालता चालता. शेवटच्या मशीनपाशी जाणारा म्हणायचा, “घेतला चार्ज?” येणारा म्हणायचा, “घेतला.” सकाळी ज्यांनी पाच की सात म्हणून वाद घातला त्यांना मी सांगतो, त्या दहा मिनिटांत तुमची पाचही व्हायची आणि सातही.

मग हिशेब करणारे आले. दहा मिनिटं, तीन पाळ्या, म्हणजे एका लाइनमागे रोज अर्धा तास. गुणिले लाइनी, गुणिले महिना. बसचं वेळापत्रक असं बदललं की येणारी बस गेटात शिरताना जाणारी बाहेर पडायची. चार्ज रजिस्टरात लिहायचा. मी तक्रार केली, तेव्हा पर्सनलच्या साहेबांनी मला कायदा वाचून दाखवला. १९४८ चा कारखाना कायदा, कलम ५८ : एकाच प्रकारच्या कामावर एकाच वेळी दोन पाळ्यांची माणसं नकोत. मी म्हटलं, साहेब, कलम ६४ ही वाचा, देखरेखीवरच्या माणसांना यातून सूट द्यायची सोय त्याच कायद्यात आहे. ते म्हणाले, बघू. सतरा वर्षं त्यांनी बघितलं.

त्याच दरम्यानची एक रात्र. पॉवर प्रेसच्या क्लचची स्प्रिंग झिजली की पेडलवरून पाय काढला तरी रॅम पुन्हा खाली येतो. आपण म्हणतो, प्रेस डबल मारते. दुसऱ्या पाळीवाल्यानं रजिस्टरात लिहिलं होतं, ‘प्रेस नं. ४ डबल मारते, मेंटेनन्सला कळवले.’ पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. त्याला बस पकडायची होती. त्याच्याखाली माझी सही आहे, ‘चार्ज घेतला’. ती मी न वाचता केली. त्या रात्री माझ्यापुढे पाच रजिस्टरं होती आणि तीन ऑपरेटर गैरहजर होते. पावणेदोनला बीडकडचा एक पोरगा ओरडला. डाव्या हाताची दोन बोटं.

चौकशीत कागद बरोबर निघाला. नोंद होती, वेळ होती, दोन्ही सह्या होत्या. मला ताकीदसुद्धा मिळाली नाही. चौकशी अधिकारी म्हणाले, रेकॉर्ड अगदी व्यवस्थित ठेवलंय तुम्ही.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर दिवसपाळीनं एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता. परमिटचा कागद होता. निरोप रात्रपाळीपर्यंत गेला नाही. दुसरा पंप बंद पडला, म्हणून रात्रपाळीनं हा चालू केला. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालानं पाळीबदलाच्या निरोपावर बोट ठेवलं आहे.

सकाळी एका तरुण मित्रानं टॅबलेटवर चार्ज द्यायची पद्धत दाखवली. फोटो, रंग, सगळं सुरेख. त्याला मी विचारलं, समोरच्यानं वाचलं की नुसतं ‘ओके’ दाबलं, हे तुला कसं कळतं? तो म्हणाला, सर, तसं कळत नाही. पोरगा सरळ आहे, त्याच्यावर माझा राग नाही. मीही ‘ओके’च दाबलं होतं, फक्त पेननं.

फेयोल खातेप्रमुखांना सांगत असे, आठवड्यातून एकदा एकत्र बसा. समन्वयाचा त्याचा उपाय तोच. आमची मागणी त्याहून लहान आहे. बसायला खुर्ची नको. दिवसातून तीनदा, उभ्या उभ्या, दहा मिनिटं. पगारी.

परिषदेनं यावर काहीतरी करावं. एक पुस्तिका काढता येईल, कामगार आयुक्तांकडे निवेदन नेता येईल, बसच्या वेळांचंही बघावं लागेल. समिती नेमू, नावं कार्यकारिणीनं ठरवावीत. मला घेतलंत तर येईन.

फार बोललो. आता सूत्रसंचालकांनी जरा इकडे, माझ्याशेजारी येऊन उभं राहावं. हा माइक मानेपाशी सैल आहे, हातानं धरून बोला. डावीकडचा पंखा आवाज करतोय, तो बंद केलात तर मागच्यांना ऐकू येईल. तिसऱ्या रांगेतल्या त्या चौघांना आज दुसरी पाळी आहे, त्यांना आधी चहा द्या. घेतला चार्ज?