‘डॉक्टर, कोकेनवर गोळी नाही का?’

(या भागाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. काशीगावात हायवेपासून थोडं आत माझं क्लिनिक आहे. झोप लागत नाही, परीक्षेची भीती, सासू-सून, दारू असे सगळे पेशंट येतात. पण गेली वीसेक वर्षं माझा जास्त वेळ गेला तो पावडरच्या व्यसनात. आधी ब्राऊन शुगर, मग एमडी आणि कोकेन. आज कोकेनबद्दल बोलतो. आणि माझी एक चूक सांगतो, कारण त्या चुकीतूनच मी हे काम शिकलो.

एक मुलगा होता. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलून सांगतोय. वय चोवीस, इव्हेंटमध्ये लायटिंगचं काम. रात्रभर उभं राहायचं, पहाटे सामान उतरवायचं. एका पार्टीत कुणीतरी लाईन ओढायला दिली. झोप उडाली, अंगात जोर आला. महिन्यातून एकदा, मग दर शनिवारी, मग पगार झाला की त्याच रात्री. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे गेले, तेव्हा वडील त्याला घेऊन आले. काका खुर्चीत बसले आणि पहिलं वाक्य बोलले, ‘डॉक्टर, यावर गोळी द्या.’

आता ऐका. दारू सोडताना आमच्याकडे औषधं आहेत. ब्राऊन शुगरसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे, मेथाडोन आहे. कोकेनची ओढ थांबवेल अशी मान्यताप्राप्त गोळी आजही जगात कुठेच नाही. बरीच औषधं तपासून झाली, एकही पक्कं ठरलं नाही.

मग मी काय केलं? झोपेची गोळी लिहिली. ‘मनाचा निश्चय ठेव, मित्र बदल, महिन्याने ये,’ असं सांगितलं. सात मिनिटांत पेशंट बाहेर. तो महिन्याने आला नाही. मी फोनही केला नाही.

तो का आला नाही, हे समजायला मेंदूत काय होतं ते बघू. सकाळी साडेआठचं मीरा रोड स्टेशन डोळ्यांसमोर आणा. फलाटावर गर्दी जमते, गाडी येते, गर्दी घेऊन जाते. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन असंच येतं आणि परत उचललं जातं. कोकेन या गाड्याच अडवतं. फलाटावर माणसं साचत जातात, आणि त्या गर्दीलाच आपण ‘हाय’ म्हणतो. डॉ. नोरा वोल्कोव यांनी आपलं जवळपास सगळं करिअर या अभ्यासात घातलं. त्या मेक्सिकोत जन्मलेल्या मानसोपचारतज्ज्ञ, आणि ट्रॉट्स्कीच्या पणती. 1997 साली त्यांच्या गटाने मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं, की यातल्या निदान 47 टक्के गाड्या अडल्या तरच माणसाला नशा जाणवते.

नाकाने ओढलेल्या कोकेनचा जोर साधारण पंधरा ते तीस मिनिटं टिकतो. मग उतार, आणि पुन्हा हवंसं वाटणं. हे वारंवार झालं की डोपामाइनचा निरोप घेणाऱ्या जागाच मेंदूत कमी होतात. मग आईच्या हातचं जेवण, क्रिकेट, मैत्रीण, सगळंच बेचव लागतं. अशा माणसाला ‘निश्चय ठेव’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला ‘जरा धाव’ म्हणणं. मी नेमकं तेच म्हणालो होतो.

डॉक्टरांनी कोकेनला हलकं समजण्याचा इतिहास जुना आहे. 1884 मध्ये तरुण सिग्मंड फ्रॉइडने त्याचं कौतुक करणारा लेख लिहिला. मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या आपल्या मित्राला, फ्लाइश्ल-मार्क्सोव्हला, त्याने उपाय म्हणून कोकेन सुचवलं. मित्राला दुसरं व्यसन लागलं, 1891 मध्ये तो गेला. त्याच 1884 साली कार्ल कोलरने डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. एकाच पावडरीने ऑपरेशनही सोपं केलं आणि माणूसही संपवला.

आणि हे श्रीमंतांचं, परदेशी, सिनेमातलं व्यसन आहे असं समजू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत लोक कोकेन पानात घालून खायचे, चुना लावून. भारतीय औषधशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. राम नाथ चोप्रा यांनी कलकत्त्यात बसून या सवयीचा अभ्यास केला. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळातसुद्धा कुणीतरी डॉक्टर या पेशंटसमोर बसलेला होता.

आता परत त्या मुलाकडे. सात-आठ महिन्यांनी त्याची आई आली. एका शनिवारी रात्री छातीत कळ आली होती. मित्रांनी दवाखान्यात नेलं, पण काय घेतलंय ते सांगितलं नाही. पोलिसांची भीती. ‘ॲसिडिटी असेल,’ एवढंच बोलले. सुदैवाने ड्यूटीवरच्या डॉक्टरने ईसीजी काढला. मुलगा वाचला. वय पंचवीस, आणि हार्ट अटॅक.

हे लक्षात ठेवा. कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराचा धोका सुमारे 24 पटींनी वाढतो, असं 1999 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. सोबत दारू असेल तर यकृतात कोकाएथिलीन तयार होतं, ते हृदयाला आणखी घातक. मित्राच्या छातीत दुखत असेल, तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात खरं सांगा. त्या वाक्यावर उपचार ठरतात.

पोलिसांचं म्हणाल, तर एनडीपीएस कायद्यात कलम 64 अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. आणि 2017 चा मानसिक आरोग्य कायदा पेशंटला गोपनीयतेचा हक्क देतो.

त्या आईसमोर मला लाज वाटली. त्या रात्री मला आठवल्या डॉ. अनिता अवचट. विद्यार्थी असताना मी त्यांच्या कामाबद्दल ऐकलं होतं, तेव्हा ते समाजकार्य वाटलं होतं, मेडिकल वाटलं नव्हतं. पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात त्या मानसोपचारतज्ज्ञ. ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, घराघरांत शिरली. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे एक लाख रुपये द्यायला तयार झाले. 29 ऑगस्ट 1986 ला त्याच रुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. अनिताताई 1997 मध्ये कॅन्सरने गेल्या, काम आजही चालू आहे.

त्यांनी काय केलं? पेशंटला दिवसाचं वेळापत्रक दिलं. बायकोला, आईला उपचारात घेतलं. व्यसन सुटलेल्यांनाच कामावर ठेवलं. व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा केला. पुढे अमेरिकेत व्हरमाँटच्या स्टीफन हिगिन्सनी कोकेनच्या पेशंटवर प्रयोग केले, लघवीची तपासणी स्वच्छ आली की छोटं बक्षीस. कोकेनसाठी आज सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो याच पद्धतीचा. दोन्हींचं मर्म मला एकच दिसतं: न घेतलेला दिवस मोजायचा, आणि कुणीतरी त्याची दखल घ्यायची.

मग मी त्या मुलाला पुन्हा बोलावलं. आधी माफी मागितली. आठवड्यातून दोनदा तपासणी. एटीएम कार्ड बहिणीकडे. पैसे देणाऱ्या-घेणाऱ्यांचे नंबर मी त्याच्यासमोर बसून डिलीट करायला लावले. रात्रीचं काम बंद, माशाचा पाड्याजवळ मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात दिवसाचं काम. तपासणी स्वच्छ आली की काका स्वतः बाजारातून मांदेली आणायचे. वीस-पंचवीस मांदेलीचं कालवण, हेच आमचं बक्षीस. पहिल्या महिन्यात तो म्हणायचा, ‘डॉक्टर, चवच लागत नाही.’ मी म्हणायचो, ‘खा, लागेल.’

साडेतीन महिन्यांनी तो घसरला. मित्राचं लग्न, दारू, आणि मग एक लाईन. दुसऱ्या दिवशी क्लिनिक उघडायच्या आधी तो शटरपाशी उभा होता. डोळे सुजलेले. म्हणाला, ‘डॉक्टर, तुम्ही हाकलाल म्हणून रात्रभर हायवेवर फिरलो.’ मी आत घेतलं, चहा मागवला, कॅलेंडरवर पुन्हा पहिला दिवस लिहिला. काका चिडले होते, ‘सगळं पाण्यात गेलं.’ मी म्हटलं, ‘काका, पहिल्या वेळी परत यायला त्याला आठ महिने आणि एक हार्ट अटॅक लागला. या वेळी एक रात्र लागली.’

आज तो ठीक आहे. ‘बरा झाला’ असं मी म्हणत नाही, तोही म्हणत नाही. पगाराच्या दिवशी अजून मला मेसेज करतो, ‘घरी पोचलो.’ मी अंगठा पाठवतो. एवढाच उपचार उरलाय.

तुमच्यापैकी कुणी ‘फक्त वीकेंडला’ घेत असेल, तर एक काम करा. सलग चार वीकेंड घेऊ नका, आणि तिसऱ्या शनिवारी मनात काय चालतं ते बघा. जमलं नाही तर लाजू नका, कुणाला तरी सांगा. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, कॉल फुकट आहे. सोडल्यानंतर पहिले काही दिवस प्रचंड झोप, भूक आणि उदासी येते. जीव नकोसा वाटला तर एकटं राहू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

आणि मित्र घेत असेल, तर भाषण देऊ नका. मी देऊन बघितलंय. पगाराच्या रात्री त्याला फोन करा, आणि जेवलास का विचारा.

चला, क्लिनिकची वेळ झाली. भेटू.