घरातला डेड सरप्लस

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



जबलपूरच्या आपल्या मराठी मंडळींत रेल्वेवाले आणि फॅक्टरीवाले पुष्कळ. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं आणि तिथलं सामान लहान फ्लॅटमध्ये बसवायचं, ही वेळ बहुतेकांवर येते. म्हणून आमच्या स्टोअर्सचा एक नियम सांगतो.

जी वस्तू २४ महिन्यांत डेपोतून कोणी नेली नाही, ती सरप्लस. पुढे लागेलशी वाटली तर 'मूव्हेबल', पुढच्या दोन वर्षांतही लागणार नसेल तर 'डेड'. डेड माल तपासणीनंतर विक्रीला निघतो.

घरी हेच करून पाहा. टीव्हीचा खोका, बंद मिक्सर, मुलांची दहावीची गाईडं हे सगळं डेड. मोठी पातेली, पाहुण्यांच्या गाद्या गणपतीत निघतात, म्हणून मूव्हेबल. पण घरात माणसं मावतील तेवढ्याच गाद्या ठेवा!

आईचा शालू, वडिलांचं घड्याळ मात्र या नियमात बसत नाही. त्यांच्यासाठी एक पेटी राखा, एकच. आणि ज्येष्ठांच्या वस्तूंना त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. कोणतं भांडं कुणाला द्यायचं, ते त्यांनाच ठरवू द्या. आजीने स्वतःच्या हाताने दिलेला तांब्या नात जपते. तिच्या माघारी माळ्यावर सापडलेला तोच तांब्या मोडीत जातो.

निवृत्तीची वाट पाहू नका. या दिवाळीला एका कपाटापासून सुरुवात करा.

गणपती बाप्पा मोरया!