शोध आपला, नोंदवही कोणाची?

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांचे औषधपाणी, प्रवासाची तिकिटे, ह्या साऱ्यांसाठी आज प्रत्येक कुटुंब इंटरनेटवरील शोधयंत्राच्या दारी जाते. ते यंत्र आपणांस ओळखून उत्तर देऊ लागले आहे. ही ओळख कोणाच्या हाती असावी, हा विचार आम्ही आपणांपुढे मांडू इच्छितो.

लॅरी पेज व सर्गेई ब्रिन ह्यांनी १९९८ साली गूगल कंपनी स्थापन केली. त्यांच्या पद्धतीचे मूळ तत्त्व असे की, ज्या पानाकडे अनेक मान्यवर पाने अंगुलिनिर्देश करतात, ते पान श्रेष्ठ. ह्या प्रतवारीत विचारणाऱ्याची दखल नव्हती. परंतु 'हापूस' हा एकच शब्द घ्या. रत्नागिरीच्या बागायतदारास मोहोरावरील तुडतुड्यांचा उपाय हवा असतो, तर मुंबईच्या गृहिणीस पेटीचा भाव. दोघांस एकच उत्तर देऊन कोणाचेच समाधान होणार नाही.

२००१ च्या मे महिन्यात वेबचे जनक टिम बर्नर्स-ली व त्यांचे दोन सहकारी ह्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात 'सिमँटिक वेब'ची कल्पना मांडली. वेबवरील माहितीचा अर्थ यंत्रासही उमगावा, हे तिचे सार. त्यांचे उदाहरण मोठे घरगुती होते. आईला फिजिओथेरपी हवी आहे. मुलांचा संगणकीय प्रतिनिधी घराजवळचे, विम्यात बसणारे, विश्वासार्ह उपचारक शोधतो आणि त्यांच्या वेळा मुलांच्या सवडीशी जुळवितो. येथे यंत्र आपल्या आज्ञेत आहे.

प्रत्यक्षात वैयक्तिक शोध आला तो निराळ्या वाटेने. २००९ च्या डिसेंबरात गूगलने, खात्यात प्रवेश न केलेल्या वाचकांचीही उत्तरे त्यांच्या मागील १८० दिवसांच्या शोधांवरून ठरविण्यास आरंभ केला. त्यातील धोका ईलाय पॅरिसर ह्यांनी २०११ साली 'द फिल्टर बबल' ह्या ग्रंथात दाखविला. आवडीचेच पुढे येत राहिले, तर न आवडणारे पण आवश्यक असे दृष्टीआड होते. एखाद्या मुलीने वर्षभर केवळ कारकुनी नोकऱ्या शोधल्या, तर विज्ञानाच्या शिष्यवृत्त्या तिच्यापुढे येतील काय? कालची आवड उद्याची सीमा होऊ नये.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच: शोध वैयक्तिक अवश्य व्हावा, परंतु आपल्याविषयीची नोंदवही आपल्या हाती असावी. बर्नर्स-ली ह्यांच्याच 'सॉलिड' प्रकल्पात व्यक्तीची माहिती तिच्या ताब्यातील 'पॉड' नामक कोठारात राहते. इतरांनी ती अनुमतीने पाहावी आणि अनुमती परतही घेता यावी, अशी त्यात योजना आहे. भारतातही २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, दिलेली संमती मागे घेण्याचा अधिकार आहे.

तोवर घरच्या तरुणांनी वडीलधाऱ्यांस एवढे शिकवावे: गूगलच्या खात्यातील शोधांची नोंद पाहता येते, पुसता येते, थांबविताही येते. महत्त्वाचा प्रश्न दोन निराळ्या शब्दांत विचारावा, आणि दुसऱ्याच्या फोनवर काय उत्तर येते तेही पाहावे. आपणांस जाणणारा सेवक घरात असावा. मात्र घराची किल्ली त्याच्या कमरेला नसावी.