मातीतील रेषा



युद्धस्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिलालेख किंवा स्तंभ उभा राहतो. आज आम्ही ज्या स्मारकाविषयी बोलणार आहोत, ते निव्वळ मातीचे आहे.

इंग्लंडात हर्टफर्डशायर परगण्यात बर्खमस्टेड नावाचे गाव आहे. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटताच लंडनच्या वकिली संस्थांचे ‘इन्स ऑफ कोर्ट’ हे अधिकारी-शिक्षण पथक तेथे तळ देऊन राहिले. युद्धकाळात सुमारे १२,००० तरुणांनी तेथे शिक्षण घेतले. कायद्याचे ग्रंथ हाताळणाऱ्या हातांनी कुदळ-फावडी उचलली आणि गावाबाहेरील माळावर सुमारे १३ किलोमीटर लांबीचे खंदक खणले.

खंदक सरळ खणीत नसत. थोड्याथोड्या अंतरावर त्यास वळण देत. एका भागात गोळा फुटल्यास त्याचे तुकडे दूरवर जाऊ नयेत, आणि शत्रू आत शिरलाच तर त्यास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोळ्या झाडता येऊ नयेत, हा त्यातील हेतू. हा धडा मातीत गिरवून ते तरुण रणभूमीवर गेले. त्यांतील कित्येक परतले नाहीत.

त्या खंदकांपैकी सुमारे ५०० मीटर आज शिल्लक आहेत. नांगराखालील जमिनीत अशा खुणा लवकर पुसतात. रान त्या सांभाळते. परंतु वादळात झाड उन्मळले की मुळांबरोबर खंदकाची कडही निघून येते. म्हणून रानातील ठेव्यासही राखणदार लागतो.

याच महायुद्धात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूत येथे वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्यांनी उपासमार सोसली आणि अखेर कैद भोगली. सरावाची माती जेथे जपली जाते, तेथे प्रत्यक्ष झुंजलेल्या माणसाचे नाव त्याच्याच घरात पुसले जावे काय?

आमची विनंती एवढीच. घरातील जुनी पेटी उघडावी. रुप्याचे पदक सोनाराकडे मोडीत देण्यापूर्वी त्याची कड वाचावी. तीवर शिपायाचे नाव व क्रमांक कोरलेला असतो. तो, पलटणीचे नाव आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडची हकीकत वहीत उतरवून संस्थेकडे द्यावी. ते काम आजच्या पिढीने केले नाही, तर पुढील पिढीस विचारावयास कोणी उरणार नाही.