नलिनी मलानी : एका चित्रकर्तीची वाटचाल

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की आरोग्य, संतसाहित्य नाहीतर बालसंगोपन हे विषय ठरलेले. यंदा चिटणीसबाईंनी चित्रकलेवर बोलावयास सांगितले, याचा मला फार आनंद झाला. आपल्यापैकी कितीजणी चैत्रांगण काढतात, भरतकाम करतात, दिवाळीत दारापुढे ठिपक्यांची रांगोळी घालतात! परंतु घरातली मुलगी "मी चित्रकारच होणार" असे म्हणाली, की तिला पहिला प्रश्न आपणच विचारतो, "अगं, पण पुढे काय?" प्रश्न काळजीपोटी असतो, हे खरे. त्याचे एक उत्तर नलिनी मलानी यांच्या चरित्रात आहे. तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

नलिनीबाईंचा जन्म १९४६ सालचा, कराचीचा. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि घरदार मागे टाकून हे कुटुंब इकडे आले. आधी कलकत्त्याला आणि मग १९५४ साली मुंबईत. ज्या घराची आठवण स्वतःला नाही, पण ज्याच्याविषयी वडीलमाणसे सदैव बोलतात, असे घर त्यांच्या वाट्याला आले. १९६४ ते १९६९ त्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. त्याच काळात भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम करण्यासाठी जागा मिळाली होती. तेथे एकाच छपराखाली चित्रकार, गायक-वादक, नर्तक आणि नाटकवाले काम करीत. चित्र, नाटक आणि संगीत ही वेगवेगळी राज्ये नव्हेत, हा धडा येथला. तो पुढे जन्मभर कामी आला.

१९६९ साली चित्रकार अकबर पदमसी यांनी चित्रकारांना कॅमेरा हाताळता यावा म्हणून एक कार्यशाळा चालविली. तेवीस वर्षांच्या नलिनीबाईंनी तेथे कागदी घरांची प्रतिकृती करून, तिच्यावर रंगीत प्रकाश टाकून एक छोटा चित्रपट केला. नव्या स्वतंत्र देशात सर्वांना चांगली घरे मिळतील, असे ते स्वप्न होते. सात वर्षांनी, १९७६ साली, त्याच्या शेजारी त्यांनी दुसरा चित्रपट ठेवला. त्यात उंच इमारतीतून एक तरुणी खालच्या झोपडपट्टीकडे पाहते आहे. दोन्ही मिळून ‘युटोपिया’ हे एक काम झाले. स्वप्न आणि त्याची झालेली गत शेजारी शेजारी मांडण्याची ही दृष्टी बाईंनी पुढे सोडली नाही.

आता आपल्या मंडळाने विशेष ऐकावे अशी हकीकत. १९७९ साली न्यूयॉर्कला त्यांनी स्त्री-कलावंतांनी स्वतः चालविलेले एक कलादालन पाहिले. आपल्याकडे केवळ स्त्रियांचे मोठे प्रदर्शन भरवावे, असे मनात घेऊन त्या परतल्या. परंतु संस्थांचा आधार काही मिळेना. अखेर १९८७ साली, म्हणजे आठ वर्षांनी, नलिनीबाई, अर्पिता सिंह, नीलिमा शेख आणि माधवी पारेख अशा चौघींनी मिळून प्रदर्शन भरविले, आणि १९८९ पर्यंत ते देशात पाच ठिकाणी नेले. मोठा बेत जमत नाही म्हणून तो सोडून न देता चौघींपुरता केला, पण केला. मंडळाच्या कामात असा अनुभव कोणाला नाही?

क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ आपणांस ठाऊक आहे. विजेचे सामान, हातगाड्या, पाठीवर ओझे घेतलेले हमाल. तेथे बाईंचे चित्रगृह होते. खिडकीखालची ही माणसे त्यांच्या चित्रांत आली. १९९२ साली, जहांगीरच्या वरच्या मजल्यावर तेव्हा असलेल्या केमोल्ड कलादालनात त्यांनी कागद वा कॅनव्हास न टांगता थेट भिंतींवर चित्रे काढली. पंधरा दिवस लोकांनी ती पाहिली आणि मग भिंतींना पांढरा रंग देऊन सारे पुसून टाकले! नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रे दुर्लक्षामुळे नष्ट होत होती. त्याकडे लक्ष वेधण्याचा हा मार्ग होता. पुढे पॅरिस आणि इटलीतील मोठ्या प्रदर्शनांतही त्यांनी भिंतीवर चित्र काढून ते पुसण्याचा हा क्रम ठेवला.

एक मैत्रीण मला म्हणाली, "पुसायचेच तर काढायचे कशाला?" रांगोळी घालणाऱ्या आपण हे विचारावे, याचे मला नवल वाटले. सकाळी काढलेली रांगोळी दुपारपर्यंत पायदळी जाते. म्हणून कोणी ती काढायची थांबत नाही. फरक इतकाच की रांगोळी मंगल असते, आणि नलिनीबाईंची भिंत आपणांस अस्वस्थ करते. ती विकत घेता येत नाही, दिवाणखान्यात लावता येत नाही. जी पाहील तिच्या आठवणीतच ती राहावयाची.

त्यांनी चित्राला चौकटीबाहेरही काढले. १९९३ साली अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्यासह त्यांनी ‘मीडिया’ या ग्रीक कथेतील स्त्रीवरच्या नाट्यप्रयोगासाठी चित्रे केली. मित्र भूपेन खक्कर यांच्याकडून त्या काचेवर उलट बाजूने रंगविण्याची रीत शिकल्या होत्या. ती रीत पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोठ्या नळकांड्यांवर वापरली. ही नळकांडी छताला टांगून सावकाश फिरवावयाची आणि त्यांतून प्रकाश सोडावयाचा, की चित्रांच्या सावल्या चारी भिंतींवरून चालू लागतात. सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना यातली मौज लगेच कळेल. २०१२ साली जर्मनीत कासेल येथील जगप्रसिद्ध प्रदर्शनात असे त्यांचे काम होते.

पण मला स्वतःला सर्वांत भिडते ते १९९८ सालचे. त्या वर्षी मे महिन्यात आधी भारताने आणि मग पाकिस्तानने अणुचाचण्या केल्या. बाईंनी मंटोची ‘टोबा टेकसिंग’ ही कथा आठवून एक दालन उभे केले. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका, निर्वासितांच्या असतात तशा, आणि त्यांच्या आत दूरदर्शनचे संच. समोर बॉम्बस्फोटाची दृश्ये. बाजूच्या दोन समोरासमोरच्या भिंतींवर एकेक स्त्री. दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात. भगिनींनो, धुतलेल्या साडीची दोन टोके आपण किती वेळा अशा धरल्या असतील! एकीने पुढे आल्याखेरीज घडी पडत नाही. येथे मात्र दोघींच्या मध्ये सरहद्द आहे. राजकारणावरचे लांबलचक भाषण जे सांगू शकले नसते, ते या घरगुती कामाने सांगितले.

२००५ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांनी फाळणीत पळविल्या गेलेल्या आणि २००२ साली गुजरातेत अत्याचार सोसलेल्या स्त्रियांचे दुःख पाच पडद्यांवर मांडले. त्याला विदुषी वीणा दास यांच्या एका निबंधाचा आधार होता. सत्तरी ओलांडल्यावर त्या आयपॅडवर बोटाने चित्रे काढू लागल्या, ती हलती केली आणि २०२० साली लंडनच्या व्हाइटचॅपल कलादालनात भिंतभर दाखविली. "आता या वयात काय नवे शिकायचे?" असे म्हणणाऱ्या आम्हा ज्येष्ठांनी याची नोंद घ्यावी.

मानसन्मान आले, पण उशिरा आले : २०१३ साली जपानचा फुकुओका पुरस्कार, २०१९ साली स्पेनचा होआन मिरो पुरस्कार आणि २०२३ साली क्योटो पुरस्कार. तो मिळाला तेव्हा त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या.

तर "पुढे काय?" याचे उत्तर असे, की पुढे बराच काळ काही दिसत नाही. दरवाजे बंद मिळतात, काढलेले पुसले जाते, पुन्हा काढावे लागते. हे सोपे आहे असे मुलीला खोटे सांगू नये. परंतु चित्रकला म्हणजे लग्नाआधीचा विरंगुळा, हेही तिला सांगू नये. आपण जे पाहिले, सोसले, ते चारचौघांत बोलण्याचे ते साधन आहे, आणि त्यावर साठ वर्षांचे आयुष्य उभे राहू शकते.

माझी एक सूचना आहे. जहांगीर कलादालनात जावयास तिकीट लागत नाही. वर्षातून दोनदा तरी मंडळाची सहल तेथे न्यावी आणि बरोबर घरातल्या मुलींना घ्यावे. चित्र कळले नाही तर खुशाल विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.